चंद्रीचा आवाज

"गेनबा, बायकोशीसुद्धा इतकं बोलत नसशील," बांबूच्या सावलीत टेकलेला हवालदार हळूच म्हणाला.

"ती उलट बोलती. ही न्हाई बोलत," गेनबा म्हणाला आणि आपल्या खेचराच्या पाठीवरची जखम पुसू लागला.

चंद्रीला बोलता येणारच नव्हतं. ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांच्या पाठीमागे चोरून शिरायचं, तर एका खिंकाळण्याने सगळी तुकडी मेली असती. म्हणून निघण्याआधीच जनावरांच्या डॉक्टरने तिचा आवाज कापून काढला होता. तेव्हा तिचं डोकं गेनबानेच मांडीवर धरलं होतं. "आवाज गेला तरी जीव राहील. तुला माघारी नेतो," असं त्याने तिला सांगितलं होतं.

ज्यासाठी आले होते तो जपान्यांचा पूल उडवून झाला होता. परतीच्या वाटेवर आता नदी होती आणि रबरी होड्या लहान होत्या.

"खेचरं इथंच बांधायची," हवालदार नजर चुकवत म्हणाला. "मागनं गावकरी सोडतील."

"पोहत येईल की ती."

"पाणी वाजलं तर सगळेच मरू, गड्या. चल."

गाठ सैल मारावी असं गेनबाच्या हातांना फार वाटलं. होडीत बसलेल्या दमलेल्या पोरांकडे पाहून त्याने ती घट्ट मारली.

होडी मधल्या धारेला लागल्यावर त्याने वळून पाहिलं. मान ताणून, तोंड उघडून चंद्री जिवाच्या आकांताने ओरडत होती. आवाज येत नव्हता. आज पहिल्यांदाच ती उलट बोलत होती.

हाक मारायला गेनबाने तोंड उघडलं, आणि तसंच मिटून घेतलं.