नकाशा उमटेपर्यंत

या मायबापहो, जरा पुढे सरका, माझा आवाज काही मोठा नाही. एका फोनची गोष्ट ऐकवायची आहे. ऐकताना छातीत धस्स झालं, तर शेजारच्याचा हात धरा.

"मोकळं आहे भावजी. खणा!" असं म्हणून तिने फोन खाली ठेवला, आणि मागे उभ्या असलेल्या साहेबांनी चक्क टाळी वाजवली.

टाळी तिच्यासाठी नव्हती, टेबलावरच्या नव्या कॉम्प्युटरसाठी होती. ही गॅस कंपनीची नकाशाची खोली, आणि ती तिथे फोन घेणारी. शहरात कुठेही खणायचं तर आधी इथे फोन करायचा. ती नकाशात बघणार, गॅसची पाइप कुठून गेली आहे ते, आणि मग सांगणार, खणा किंवा थांबा. जुन्या कॉम्प्युटरला डेटाबेस आणि नकाशा दोन्ही एकदम पेलायचे नाहीत. पंखा घरघरायचा, रस्ते एकेक करून उमटायचे. त्यात मेमरी वाढवायची की नवाच घ्यायचा, हे साहेबांना आज ठरवायचं होतं. म्हणून हा नवा सकाळीच आला होता, चाचणीसाठी.

"मेमरी चौपट आहे ताई," कॉम्प्युटरवाला सांगत होता. "डिस्कसुद्धा ती फिरणारी नाही, एसएसडी. नकाशा रंगवायला वेगळं कार्ड. पापणी लवायच्या आत शहर समोर!"

खरंच तसं झालं होतं. पहिलाच फोन आला होता तिच्या धाकट्या दिराचा. तो खोदाईचं मशीन चालवायचा.

"वहिनी, दवाखान्यामागच्या गल्लीत आलोय. खणू ना? तुमचं म्हातारं उठलंय का?"

"म्हातारं बसलंय कोपऱ्यात कण्हत. आज नवरदेव आलाय!" ती हसली. तिने 'दवाखाना' टाइप केलं. बोट उचलायच्या आत गल्ली समोर. गल्लीत गॅसची पिवळी रेघ नव्हती. मग ती म्हणाली, खणा.

टाळी विरली, आणि तिची नजर त्या लखलखीत पडद्यावर पुन्हा गेली. गल्लीच्या टोकाला निळा पट्टा होता. नदी.

नदीकाठी तर जुना दवाखाना. तो कधीच हलला होता, मुलींच्या शाळेशेजारी. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिने स्वतः सासूबाईंना तिथे नेलं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त डेटाबेसला. म्हणजे दीर उभा होता तो शाळेमागच्या गल्लीत, आणि तिथून गॅसची मुख्य पाइप गेली होती, मांडीएवढी जाड.

तिने दिराला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा नुसती घंटा. मशीन सुरू झालं की त्या केबिनमध्ये कानाशी ढोल वाजला तरी ऐकू येत नाही, हे तोच घरी सांगायचा.

"साहेब, वॉल्व्ह! शाळेकडचा वॉल्व्ह बंद करायला सांगा!"

साहेबांनी दुसरा फोन उचलला. तिकडून उत्तर आलं, माणूस पाठवतो, हातानेच फिरवावा लागतो, वेळ लागेल. कॉम्प्युटरवाला भिंतीला टेकला.

तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. मशीनच्या लोखंडी बादलीचे दात. उकरली जाणारी माती. मग पाइप. मग... ती लग्न होऊन घरात आली, तेव्हा हा पोर दारामागे लपून तिच्याकडे बघायचा. त्याच्या बुटांच्या नाड्या तिनेच बांधल्या होत्या. देवा, ती मनात म्हणाली, माझी जीभ घे, पण त्याचा हात धर.

घंटा थांबली.

"बोला वहिनी."

"भावजी, थांबा! खणू नका!"

"थांबलोच आहे की."

"बादली?"

"वरच आहे. मातीला टेकवलीसुद्धा नाही. मी खाली उतरून गल्ली बघत होतो, फोन आत राहिला."

"का थांबलात?" तिचा आवाज फाटला.

"अहो, तुम्ही विचारलंच नाहीत! समोर काय दिसतंय, झाड कुठलं, पाटी कसली, भिंतीचा रंग कोणता... रोज माझी एवढी उलटतपासणी घेता आणि मग खणा म्हणता. आज नुसतंच खणा. म्हटलं, वहिनींना बरं नाही, नाहीतर फोनवर दुसरंच कुणी बसलंय. न विचारता कसं खणायचं? नियम आहे ना तो तुमच्या ऑफिसचा?"

तिने कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. नियम कसला! नकाशा उमटायला वेळ लागायचा, फोनवर गप्प बसणं अवघड वाटायचं, म्हणून ती काहीबाही विचारत राहायची. निव्वळ वेळ काढायला.

तिने पदराने डोळे टिपले.

"हो भावजी. नियमच आहे. सांगा, समोर काय दिसतंय?"

"शाळेची भिंत. पलीकडे मुली कविता म्हणतायत."

"मग मशीन बंद करा. मी परत सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

साहेबांनी हातातला फोन खाली ठेवला. "मग... जुनाच ठेवू या का ताई?"

"नाही साहेब. नवाच घ्या. थांबायचं काम आता माझं मी करते."

एवढंच मायबापहो. रात्री हात जोडाल तेव्हा त्या दिराचीही आठवण ठेवा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. हुकूम मिळाला होता, तरी वहिनीच्या एका प्रश्नासाठी जो थांबून राहिला, तो, एवढं म्हटलं तरी देवाला कळतं.