टाकीखालच्या खुणा

भूमिकाला तिची मोटरसायकल ऐटीत दिसायला हवी होती. टाकी पुढून दोन इंच वर उचलणारा लिफ्ट किट मागवून ती कोहक्यातल्या घराच्या अंगणात पाना घेऊन बसली.

"कंपनीवाले बैताड होते का? चांगली गाडी कावून बिघडवून राहिली?" पोलाद प्लांटातून रिटायर झालेले तिचे वडील देवाजी ओट्यावरून गरजले.

"बाबा, तुमची जुनी गाडी तुमी मले देल्ली. आता माही हाय. टाकी उचलणार म्हंजे उचलणार!"

तिनं टाकी काढली आणि थबकली. लिफ्ट बसणार नेमक्या त्याच जागी, फ्रेमवर जुनं वेल्डिंग घासून काढल्याच्या दोन खुणा होत्या.



देवाजी खाली आले. तिच्या हातातला पाना घेत म्हणाले, "तवा म्या माह्या बाचं आयकलं अन् वेल्डिंग काढून टाकलं. तू नको आयकू."