फाइल रिकामी परत देऊ नये

"साहेब, कॉम्प्युटर बिघडलेले नाहीत. ते शेजारधर्म पाळतायत!" दुरुस्तीला आलेल्या कस्तुरीने स्क्रीन डोंगरे साहेबांकडे वळवली.

हरणगावच्या पाणी खात्यात सकाळपासून एकही फाइल धड उघडत नव्हती. संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्हचं वेळापत्रक उघडलं नाही, तर उद्या अख्खं गाव कोरडं. आणि त्या अख्ख्या गावात साहेबांच्या सासूबाईही राहत होत्या!

"तुम्ही मशीनना संस्कारांचं अपडेट दिलंत ना? आपण शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाही, तसं हे आता सर्व्हरला फाइल रिकामी परत देत नाहीत. सोबत दोन फोटो घालतात. मग सर्व्हरलाही राहवत नाही, तो वर चार व्हिडिओ घालून पाठवतो. सगळं नेटवर्क डब्यांनीच तुंबलंय."

"मग काढून टाक ना ते अपडेट!"

"संस्कार असे पटकन निघतात होय, साहेब?"

कस्तुरीने जरा डोकं खाजवलं आणि सर्व्हरला कळवलं : 'ऑफिसला सुतक आहे. देणंघेणं बंद.'

एका क्षणात सगळे डबे थांबले. वेळापत्रक टुणकन उघडलं. साहेबांनी घाईघाईने व्हॉल्व्हना आदेश सोडला. सासूबाईंच्या नळाची सोय झाली, म्हणजे साहेब वाचले!

"कमाल आहेस तू, पोरी!"

तेवढ्यात स्क्रीन पुन्हा गोठली. सगळे कॉम्प्युटर परत सर्व्हरकडे धावले होते.

"आता काय झालं?"

"भेटायला आलेत," कस्तुरी म्हणाली. "विचारतायत, कोण गेलं?"