शेवटच्या ओळीतला वेल

“हा वेल काही वाचत नाही,” बागेचा डॉक्टर म्हणाला आणि त्यानं खोडावर टकटक केलं. आवाज पोकळ आला.

सासूबाईंनी ओट्यावर बसल्या बसल्याच विचारलं, “तुला वेलाची नाडी कळते का?”

“बुरशी खोडात शिरलीय, आजी. पानावरची असती तर फवारून मारली असती. आता मुळासकट खणून जाळायचा. नाहीतर अख्खी बाग जाईल.”

“बारा वर्षं मी त्याच्या पानाला बुरशी शिवू दिली नाही. तुला काल मिसरूड फुटलं, तू मला शिकव.”

खोटं नव्हतं ते. बाकीच्या बागेची फवारणी गडी करत. शेवटच्या ओळीतला हा एक वेल मात्र त्या कुणाच्या हाती देत नसत. मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी स्वतः कालवायच्या, त्यात लोखंडी सुरी बुडवून बघायच्या, पातं तांबूस झालं तर आणखी चुना. मग वाकड्या मनगटानं पंप मारायच्या. ते मनगट एकदा मोडलं होतं आणि नीट बसलंच नव्हतं.

त्या वेलाची द्राक्षं त्यांनी कधी तोंडात घातली नाहीत. पाखरांना सोडून द्यायच्या.

लोक म्हणत, नवरा पेटी घेऊन परागंदा झाला त्याच आठवड्यात लावलेला वेल, बाईचा जीव गुंतलाय त्यात. सासूबाई लोकांना म्हणू देत. मात्र दिवस कलला की त्या वेलाकडे पाठ करून कधी उभ्या राहत नसत.

सून बाजूला सुरी पुसत होती. सासूबाई तिच्यावर घसरल्या. “तू काय मूग गिळून उभी? सांग की याला.”

“खणू दे त्यांना, आई.”

“तुझी अक्कल राहू दे. हा ओटा घातलास तेवढी पुरे.”

लग्नाच्या पहिल्याच वर्षी, सासूबाई आठ दिवस बहिणीकडे गेल्या तेवढ्यात, सुनेनं औषधाच्या पिंपांसाठी हा सिमेंटचा ओटा घातला होता. विचारलं नाही, पुसलं नाही. सासूबाई महिनाभर त्यावरून बोलल्या आणि पुढं अकरा वर्षं त्याच्यावरच बसल्या.

मुलगा कुदळ घेऊन आला. “आई, एका वेलापायी बाग घालवायची का? बाबा यायचे असते तर आले असते एव्हाना.”

सासूबाई उठायला गेल्या. पहिला घाव पडला तशी त्यांनी ओट्याची कड धरली आणि मुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आता या घावाला तो थांबेल, वळून आपल्याकडे बघेल, आणि मग जन्मभर तसाच बघत राहील.

खड्डा गुडघाभर झाला. मग मांडीभर. खोड आडवं पडलं, आतून काळं आणि ओलं. मुलगा खड्ड्यात उतरला, कंबरेपर्यंत गेला, मुळं ओढली, हातानं चाचपलं.

“झालं,” तो म्हणाला. “आता निव्वळ माती.”

तो आणि डॉक्टर खोड ओढत बांधाकडे जाळायला घेऊन गेले.

“कंबरेएवढाच होता,” सासूबाई खड्ड्याकडे बघत पुटपुटल्या. “मीच तर खणला होता.”

सून येऊन शेजारी बसली. तिनं त्या वाकड्या मनगटावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“तुम्ही बहिणीकडे होतात ना, तेव्हा या वेलाची पानं पिवळी पडली होती. मुळं बघायला मी खणलं,” ती हळूच म्हणाली. “म्हटलं, रोगट वेल आज ना उद्या कुणीतरी उपटणारच. ओट्याला रोग लागत नाही, आई.”