परीट जाळ्यात

"परीट कुठं हाय, मास्तर?" शमशेर फौजदारांनी सायकल बाभळीला टेकवली आणि थेट विचारलं. मागं पुंजाराम शिपाई बेडी घेऊन उभा.

रंगनाथ मास्तरांनी हातातल्या पाखराच्या पायात ॲल्युमिनियमची कडी घातली, चिमट्यानं अलगद दाबली आणि मूठ उघडली. पाखरू भुर्रकन भिंगारच्या दिशेनं गेलं.

"कोणता परीट?"

"तारा तोडनारा. बेचाळीसपास्नं फरार हाय. काल भर बाजारात तुमी ह्या गड्याला म्हनालात, परीट आलाय, कडी घालून सोडून देऊ."

गडी म्हणजे जाळं ओढणारा छगन. मास्तर पोट धरून हसले. हसू जरा लांबलंच.

"अहो, परीट म्हणजे पक्षी! काळापांढरा, शेपटी हलवणारा. कडीवर नंबर असतो. पुन्हा सापडला की कळतं, कुठून कुठं गेला. आमच्या पाखरांत शिंपी आहे, सुतार आहे, खाटीकसुद्धा आहे. सगळ्यांना बेड्या घालता का?"

पुंजाराम फिस्सकन हसला. फौजदार हसले नाहीत.

"मंग दावा. परीट घावला तर तुमी सुटलात. न्हाई तर दोघं बी चौकीवर."

सगळे तळ्याकाठी दबा धरून बसले. चैत्राचं ऊन, तळं आटत आलेलं. आधी चिमण्या आल्या, मग एक बुलबुल. फौजदार आले होते फरारी पकडायला आणि आता पाखरासाठी मान उंचावून बसले होते.

"आलं, आलं!" तेच ओरडले.

छगननं दोरी खेचली. जाळ्यात काळंपांढरं काहीतरी फडफडलं.

"परीट! हाच तो परीट!" मास्तर जवळजवळ नाचलेच.

फौजदारांनी पाखरू हातात घेतलं आणि उलटंपालटं करून बघितलं. "कडी मी घालनार," ते लहान पोरासारखे हटून बसले. एवढा दांडगा माणूस, पण चिमटा दाबताना श्वास रोखून होता. पाखरू उडालं तेव्हा त्यांनी टोपी काढून हवेत हलवली.

"पुंजाराम, परीट पाखरू निघालं. तपास बंद. हो म्होरं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते खाली बसले आणि उगाचच जाळ्याच्या गाठी सोडवू लागले.

छगन सायकल धरून बांधापर्यंत पोचवायला गेला. पुंजाराम बराच पुढं गेला होता. फौजदारांनी सायकल हातात घेतली, पण टांग मारली नाही.

"मास्तरास्नी सांगा, जाळ्यातलं पाखरू परीट न्हवतं, दयाळ हुतं. आमच्या परसात रोज गातं. आन् परीट, तुमी आजच उडा. उद्या नवा फौजदार येतोय, तो काय दयाळ न्हाई."