दाराजवळचा बाक

“पहिल्यांदाच आलात का?” आईनं विचारलं, आणि ऑर्गनवाले काका चर्चच्या दारातच थबकले.

चाळीसहून जास्त वर्षं ते दर रविवारी इथं ऑर्गन वाजवत होते.

“ताई, तुमच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मीच वाजवलं होतं,” ते म्हणाले.

“हो का? बरं झालं आलात. नव्या जागी अवघडल्यासारखं होतं, नाही? या, बसा जरा माझ्याजवळ.”

काका बसले. आईच्या आग्रहापुढं भल्याभल्यांचं चालत नसे, त्यांचं काय चालणार? उपासनेला अजून वेळ होता. घरी कोण कोण असतं, आईनं विचारलं. काकांनी आधी रुमाल काढला, मग सांगायला लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली होती. अंत्यविधीला झाडून सगळी मंडळी आली होती. त्यानंतर मात्र घरी कोण असतं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं ना.

मुलगी खांबाशी उभी राहून हे ऐकत होती. ती आईला तिथून उठवायला आली होती. गुरुवारी चर्चचे सेक्रेटरी तिच्या औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आले होते, ते निघता निघता म्हणाले, “मावशींना आता पुढं बसवत जा. रविवारी त्यांनी आमच्या सासूबाईंना विचारलं, पहिल्यांदाच आलात का म्हणून. सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. आणि दाराशी हवंय कशाला कुणी? नवं माणूस येतंय कुठं? सगळी आपलीच तर आहेत.” आईसाठी त्यांनी पुढं हातांची खुर्चीही ठेवली होती, उशीसकट.

मुलगी लगेच हो म्हणाली होती. त्या दाराजवळच्या बाकाशी तिचं लहानपणापासूनचं वैर. दोघी मायलेकी तिसऱ्या रांगेत बसायच्या. दार किलकिलं व्हायचं, एखादा अनोळखी चेहरा आत डोकावायचा, की आई उठलीच. “तू बस हं,” म्हणायची आणि त्या माणसाला घेऊन दाराजवळच्या बाकावर जायची. सोबत गीतांचं पुस्तकही जायचं. घरात पुस्तक एकच. आई कपडे शिवून घर चालवायची, दुसरं कुठून आणणार? मुलगी एकटी बसून आठवेल तसं गायची. दहाव्या वर्षी तिला अख्खं पुस्तक पाठ होतं. लोक कौतुक करायचे. आपणही कुणीतरी नवं असतो तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा वाटलं होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

लोक हसायचे. बाईला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे, म्हणायचे. पण नवऱ्यानं टाकलेली नर्स, दारू सोडू पाहणारा गवंडी, परगावाहून बदली होऊन आलेला आणि ओल्या बुटांनी आत यावं की नाही अशा विचारात पायरीवरच उभा राहिलेला कारकून, सगळ्यांच्या वाट्याला त्या पुस्तकाचं अर्धं पान आलं होतं. तो कारकून म्हणजेच आजचे सेक्रेटरी. पुढच्या रांगांतली निम्मी माणसं आईनंच हाताला धरून आत आणली होती. आत आल्यावर त्यांनी दाराकडं पाठ केली, त्याला ती काय करणार? तिनं कधी कुणाला बोल लावला नाही. एकट्या बाईनं चर्चचं दार इतकी वर्षं उघडं ठेवलं, हे काही लहानसहान काम नव्हे.

आता आईच्या आठवणीतून एकेक माणूस निघून चाललं होतं. शेजारीण गेली, पाळकसाहेब गेले, सख्खा भाऊ गेला. मुलगी तेवढी उरली होती. सकाळी चहाचा घोट घेऊन आई “ठमे, साखर विसरलीस,” म्हणाली, की मुलीचा जीव भांड्यात पडायचा. आजही म्हणाली होती.

काका डोळे पुसत ऑर्गनकडं गेले. घंटा झाली. मुलगी पुढं आली. “चल आई, आज आपण पुढं बसू.”

आई तिच्याकडं पाहत राहिली. मग ओळखीचं हसली. दारात येणाऱ्या प्रत्येकाला मिळायचं, तेच हसू.

“पहिल्यांदाच आलात का?”

पुढून सेक्रेटरी हातानं खुणावत होते, आणा, आणा. अगं मी, तुझी ठमी, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. डोळे भरून आले.

“होतं असं पहिल्या दिवशी,” आई समजुतीनं म्हणाली. ती थोडी सरकली आणि तिनं बाकावर हातानं थोपटलं. “बसा. मी आहे ना.”

मुलीनं एकदा पुढच्या त्या खुर्चीकडं पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच आले.”

आणि बसली.

ऑर्गन वाजू लागला. आईनं पिशवीतून पुस्तक काढलं, पान उघडून ते दोघींच्या मध्ये धरलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

“इथून,” ती हळूच म्हणाली.

अख्खं पुस्तक पाठ असलेली मुलगी त्या बोटामागून एकेक शब्द वाचत गाऊ लागली.