शेंदरी खूण

बूट कड्याच्या टोकापासून जेमतेम हातभर अंतरावर होते. जांभळे, वेल्क्रोचे, शेजारी शेजारी नीट लावून ठेवलेले. मोजे आत कोंबलेले.

आश्लेषानं ते लगेच ओळखले. हे बूट तिनंच आईसाठी घेतले होते.

"आई!" तिनं हाक मारली. मग कड्यावरून वाकून पाहिलं. खाली चुनखडीचा पांढरा कडा सरळ तुटला होता आणि पायथ्याशी लाल-पिवळ्या पानांची दाट झाडी होती. झाडीत काही म्हणता काही दिसत नव्हतं.

अ‍ॅशबर्नच्या घरापासून तासाभरावरच्या या टेकडीवर ऑक्टोबरात नुसती जत्रा असते. वाट सोपी, आजीआजोबांनाही झेपणारी. म्हणूनच आश्लेषा आज आईला आणि लेक केयाला घेऊन आली होती. माथ्यावर पोचल्या पोचल्या केयाला बाथरूमला जायचं होतं. "तुम्ही या जाऊन, मी बसते इथे बाकावर," आई म्हणाली. दोघी परत आल्या तेव्हा बाक रिकामा होता. केयाला तिथेच बसवून आश्लेषा शोधायला धावली होती.

खरं म्हणजे ही भीती आजची नव्हतीच. काल संध्याकाळी फ्रीमाँटला राहणाऱ्या भावाशी, अनीशशी, तिचं फोनवर चांगलंच वाजलं होतं. बाबा गेले, नाशिकचा फ्लॅट विकला, आईच्या इथल्या व्हिसाची मुदत संपत आली, आणि ती परत जाऊन राहणार कुठे, हे कुणीच ठरवत नव्हतं. "दर वेळी मीच का मॅनेज करायचं? माझी पण लाइफ आहे ना यार!" आश्लेषा ओरडली होती. फोन ठेवून वळली तर आईच्या खोलीचं दार किलकिलं होतं.

आईनं ऐकलं का? विचारायची हिंमत झाली नाही. सकाळी आईनं बाथरूममध्ये बराच वेळ लावला, नळ वाहत राहिला, तेव्हाही ती दाराबाहेर नुसती घुटमळली. पण आई बाहेर आली ती हसतच. तिचे हात लालबुंद झाले होते. "केवढं कढत पाणी येतं गं तुमच्याकडे," असं म्हणत तिनं स्वेटर चढवला होता. "चल, बघू या तुझी टेकडी."

"मॅम, मागे या. कड्यापासून लांब." मागून आवाज आला. उंच, दाढीवाला रेंजर होता.

आश्लेषानं बुटांकडे बोट दाखवलं. "माझी आई... तिचे आहेत ते." रेंजरनं तिला हाताला धरून मागे घेतलं.

"त्यांनी काय घातलंय?"

"मरून स्वेटर. पांढरा अंबाडा. हातात सोन्याच्या पाटल्या, दोन. त्या निघतच नाहीत, लग्नापासूनच्या आहेत. एअरपोर्टवरसुद्धा काढता आल्या नव्हत्या." आपण हे सगळं का सांगतोय, तिला कळेना.

रेंजरनं वॉकी-टॉकीवर खाली माणसं पाठवायला सांगितलं. 'कड्याच्या पायथ्याशी' हे शब्द आश्लेषानं ऐकले आणि ती मटकन खाली बसली. आणि बसल्यावर तिला ते दिसलं.

बुटांशेजारच्या दगडावर शेंदरी रंगाचा पट्टा होता. चालणाऱ्यांनी वाट चुकू नये म्हणून इथे दगडांवर असे पट्टे मारतात. पट्ट्यापुढे एक पिवळं रानफूल ठेवलेलं होतं.

आश्लेषा एकदम हसली. हसता हसता तिला रडू फुटलं.

चढायला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच पट्ट्यापाशी आई थांबली होती. बूट काढून तिनं दगडाला नमस्कार केला होता. "आजी, दॅट्स जस्ट पेंट!" केया खो खो हसली होती. आईही हसली. "असू दे गं. शेंदूर दिसला की हात आपोआप जोडले जातात आमचे."

"देव!" आश्लेषा रेंजरला म्हणाली. "तिला हा देव वाटला. आम्ही देवापुढे पायातलं काढून ठेवतो. इतकंच आहे हो!"

रेंजरच्या कपाळावरची आठी गेली नाही. "मग अनवाणी कुठे गेल्या?"

"अनवाणी चालायची सवय आहे तिला. इथेच कुठेतरी फुलं तोडत बसली असेल. प्लीज, खालची माणसं कॅन्सल करा. तिला कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल."

"नक्की?"

"हंड्रेड पर्सेंट. माझी आई आहे ती."

त्यानं क्षणभर विचार केला. मग माणसांना वर बोलावलं, माथा शोधू म्हणून सांगितलं आणि स्वतः बाकांच्या दिशेनं निघाला.

आश्लेषानं डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरला होता. आज घरी गेल्या गेल्या सांगायचं, तिनं ठरवलं. आई, तू कुठेही जायचं नाहीस. अनीश काय म्हणायचं ते म्हणू दे. काल जे ऐकलंस ते खोटं होतं, मी दमले होते, बास. हे कालच दार ढकलून सांगायला हवं होतं.

इथली खडी टोचरी होती. आईला बूट नेऊन द्यावेत म्हणून तिनं ते उचलले. एक बूट जरा जड लागला. तिनं आतला मोजा ओढून काढला आणि उपडा केला.

तळहातावर दोन पाटल्या पडल्या. त्यांना अजून साबणाचा वास येत होता.